गाळातलं जस्त आलं कुठून?

प्रश्न : मी ऐरोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी प्रकल्पासाठी ठाणे खाडीतला काळा गाळ तपासून घेतला, त्यात जस्त आणि तांबं बऱ्यापैकी निघालं. प्राचीन समुद्रतळावरच्या सल्फाइड साठ्यांशेजारी (म्हणजे गंधकाशी जुळलेल्या धातूंच्या साठ्यांशेजारी) धातूंनी भरलेले पंकाश्म, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेले दगड, सापडतात, असं मी वाचलं होतं. त्या दगडातला धातू साठ्याकडूनच आला, हे कसं ओळखतात? आणि आपल्या गाळाचाही कधी तसा दगड होईल का?

उत्तर : बाई, मुलांना आधी एवढंच विचारा : त्याच नमुन्यात ॲल्युमिनियम किती होतं? माझी नोकरीची सगळी वर्षं दगडांची पूड करून त्यातली मूलद्रव्यं मोजण्यात गेली. नुसत्या जस्ताच्या आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. गाळात रेती किंवा शिंपल्यांचा चुरा जास्त आला की सगळे धातू कमी दिसतात, चिकणमाती वाढली की सगळे वाढतात. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम हे जमिनीवरून वाहून आलेल्या मातीचे. समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांतून ते जवळजवळ येत नाहीत. म्हणून प्रत्येक धातूला ॲल्युमिनियमने भागायचं आणि मगच बोलायचं.

आता ते झरे. तुम्ही वाचलेले सल्फाइड साठे असल्याच झऱ्यांपाशी बनतात. 1979 मध्ये मेक्सिकोजवळ, पूर्व प्रशांत उंचवट्यावर, ‘आल्विन’ पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना काळा धूर ओकणारी धुरांडी दिसली. पाणी 350 अंश सेल्सिअसच्या आसपास. बाहेरच्या थंड पाण्याला भिडताच विरघळलेलं लोखंड, तांबं, जस्त सल्फाइड होऊन बाहेर पडतं. पण त्यातलं पुष्कळसं धुरांड्यापाशी थांबतच नाही. प्रवाहाबरोबर दूर जातं आणि सावकाश चिकणमातीत मिसळून तळाशी बसतं. त्या गाळाचा पुढे पंकाश्म होतो. म्हणून खाण शोधणाऱ्यांना हा साधा दिसणारा दगड मोलाचा. खुद्द साठा लहान असतो, त्याच्याभोवतीचा थर मात्र दूरवर पसरलेला असतो. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात ब्रन्सविक 12 नावाची जस्त-शिशाची खाण 1964 ते 2013 चालली. तिच्या भोवतीच्या लोहयुक्त थरांचा आणि पंकाश्मांचा रासायनिक अभ्यास याच कारणाने इतका बारकाईने झाला.

खूण म्हणून आधी ॲल्युमिनियमचं लोखंड, मँगनीज आणि ॲल्युमिनियम यांच्या बेरजेशी असलेलं प्रमाण पाहतात. सरासरी शेलमध्ये (पापुद्र्यांत फुटणाऱ्या पंकाश्मात) ते 0.65 च्या जवळ येतं, 0.4 च्या खाली गेलं की झऱ्यांचा संशय घेतात. त्याच्या जोडीला युरोपियम, दुर्मिळ मृदा गटातलं एक मूलद्रव्य. फार गरम आणि ऑक्सिजनहीन पाण्यात ते आपल्या भावंड-मूलद्रव्यांपेक्षा जास्त विरघळतं, म्हणून झऱ्याजवळच्या गाळाच्या आलेखात त्याचा उंचवटा दिसतो. जसजसं दूर जावं तसतसं साध्या समुद्रपाण्यातली ही भावंडंही त्या कणांना चिकटतात आणि उंचवटा बुजत जातो. थॅलियम, अँटिमनी, आर्सेनिक, पारा हीही साठ्याच्या आसपास वाढतात. मॉलिब्डेनम, युरेनियम आणि व्हॅनेडियम वाढलेले दिसले तर मात्र थांबायचं. ऑक्सिजन नसलेल्या तळावर ही तिन्ही समुद्राच्या पाण्यातूनच गोळा होतात, त्यासाठी झरा लागत नाही. काळा, धातुयुक्त शेल दिसला की शेजारी खाण असेलच, ही घाई मला फार खटकते.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे, आणि ती मुलांना सांगितलीच पाहिजे. खाडीत येणारी माती दख्खनच्या बेसाल्टची. या फत्तरात लोखंड इतकं की वरचं प्रमाण मुळातच 0.4 च्या जवळ येतं, एकही झरा नसताना! तांबंही सरासरी शेलपेक्षा कितीतरी जास्त. पण बेसाल्टमध्ये टायटॅनियमही भरपूर, म्हणून लोखंडाला टायटॅनियमने भागलं की उत्तर 10 च्या आत राहतं. झऱ्यांच्या गाळात ते 20 च्या वर जातं. जगाची सरासरी घेऊन आपल्या खाडीवर आरोप करणं चूक, आणि ‘हे सगळं फत्तरातूनच आलं’ म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना मोकळं सोडणं त्याहून चूक. पारसिकच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याची, वस्तीच्या वरची माती त्याच प्रयोगशाळेत द्या. ॲल्युमिनियमने भागूनही खाडीतलं जस्त त्या मातीपेक्षा वर राहिलं, तर जादा जस्ताचा उगम शोधायला हवा.

दगडाचं म्हणाल, तर गाळ पुरला गेला, दाबला गेला तर पुढे पंकाश्म होऊ शकेल, पण खाण नाही. ओहोटीला जो सडक्या अंड्यांचा वास येतो तो जिवाणूंनी पाण्यातल्या सल्फेटपासून बनवलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. लोखंडाशी जुळून तो गाळ काळा करतो, पुढे पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) बनतं, आणि जस्त-तांबंही त्यात अडकून राहतं. म्हणूनच असा गाळ उपसून उघड्यावर टाकलेला मला अजिबात चालत नाही. हवा लागली की सल्फाइडचं आम्ल होतं आणि अडकलेले धातू सुटतात.

पुढच्या वेळी नमुना घेण्याआधी कांदळवन कक्षाची परवानगी काढा. गाळ पिशवीत काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आणि यादीत ॲल्युमिनियम, टायटॅनियम, लोखंड, मँगनीज आवर्जून लिहा.