दोन लार्ज, जी टू आणि पीआर

तुम्ही विचारलंय: नाशिकचं लायसन्स आहे, कॅनडात ब्रॅम्प्टनला येतोय, शनिवारी कुणाकडे बसलो तर दोन पेग घेऊन गाडी चालवता येते का? आणि तिथे एकटेपणा असतो का? दंडाचे तक्ते सरकारी साइटवर आहेत, ते सोडतो.

आधी पेग. कॅनडातलं एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे 40 टक्क्यांची 43 मिली दारू. आपला लार्ज 60 मिलीचा आणि व्हिस्की 42.8 टक्क्यांची, म्हणजे एका लार्जमध्ये दीड ड्रिंक. घरच्या बसण्यात माप कोण लावतं? दोनाचे तीन झाले की साडेचार ड्रिंक पोटात. रक्तातली दारू तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते. लिंबूपाणी, अंघोळ, कॉफी यांनी ती घाई करत नाही. रात्री एकला 100 मिली रक्तात 120 मिलिग्रॅम असेल तर सकाळी सातला अजून 30 शिल्लक. झोप झालेली असते, डोकं हलकं असतं, आणि माणूस कामावर निघतो.

हे 30 नेमकं नव्या माणसाला नडतं. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत जी वन (शिकाऊ लायसन्स), जी टू (मधल्या टप्प्याचं) वाल्यांना आणि 21 किंवा त्याहून कमी वयाच्यांना मर्यादा शून्य आहे. पूर्ण जी लायसन्सवर 50 पासून लायसन्स जागेवर निलंबित, 80 ला फौजदारी गुन्हा. नुसत्या भारतीय कार्डावर अनुभव फार तर 12 महिन्यांचा धरतात. त्यापुढचा मोजायला आरटीओचं किंवा वकिलातीचं पत्र लागतं. ते नसेल तर जी टूवर आणखी वर्षभर थांबा.

18 डिसेंबर 2018 पासून पोलिसांना संशयाची गरज उरलेली नाही. गाडी कायदेशीर कारणाने थांबवली की फुंकायला सांगता येतं. नकार दिलात तर तो वेगळा गुन्हा, किमान दंड 2,000 डॉलर. थंडीत हीटर लावून ड्रायव्हरच्या सीटवर झोपणंही धोक्याचं: गाडी हलवायचा इरादा नव्हता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मागे बसा, किंवा सरळ यजमानाच्या सोफ्यावर आडवे व्हा.

त्याच 18 डिसेंबरला पिऊन गाडी चालवल्याची कमाल शिक्षा 5 वरून 10 वर्षं झाली. दोषी ठरलात आणि नुसता दंड भरून सुटलात तरी इमिग्रेशन कायद्यात तो 'गंभीर गुन्हा' धरला जातो, आणि पीआरवाल्याला, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्याला, देशाबाहेर काढायची कारवाई सुरू होऊ शकते. नागरिकाला हे भय नाही. वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका.

कायदा जाचक वाटतो, पण ब्रिटिश कोलंबियात 2010 मध्ये रस्त्यावरच लायसन्स आणि गाडी काढून घ्यायला लागल्यावर दारूमुळे होणारे जीवघेणे अपघात सुमारे 40 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मर्यादा 30 म्हणजे कॅनडाहून कडक, तरी लोक निवांत पितात, कारण फुंकणी समोर येईलच याची खात्री नसते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो, होते सवय. पण ग्लास हातात देतो तोच. बसणं कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, बाहेर उणे पंधरा, रात्री एकला रिक्षा नाही. हात आपोआप किल्लीकडे जातो. म्हणून जातानाच टॅक्सीने जा.

आणि आरटीओचं पत्र भारतातून निघण्याआधी हातात घ्या, इंग्रजीत, पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याच्या तारखेसह. इथून मागवायचं म्हणजे मेहुण्याला खेटे घालायला लावायचे. त्या खेट्यांचा राग माझा अजून गेलेला नाही.