कोंबडी लंगडतीय, काय करू?

प्रश्न: ताई, जिंतूरकडं आमचं गाव, घरी सहा गावरान कोंबड्या हायत. त्यातली एक तीन दिवसापासून एक पाय उचलूनच उभी राहतीय, बाकीच्या तिला टोचायलेत. घरचे म्हणतात कापून टाकू, मला जीवावर येतंय. काय करू?

उत्तर: अगं आधी तिला डालग्याखाली वेगळी ठेव, टोचून टोचून बाकीच्याच मारून टाकतील तिला. खाली कोरडा भुसा टाक, दाणापाणी चोचीपाशीच दे, कारण लंगडी कोंबडी उपाशी राहूनही खंगते. मग संध्याकाळी, ती शांत असते तेव्हा, पाय उलटा करून तळवा बघ. काळी खपली आन् सूज असंल तर काटा-खडा लागून आत पू झालाय, कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडव, पुसून पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लाव. रोज कर, एक दिवस करून सोडायचं नाही! ब्लेडनं चिरायचा उद्योग मात्र करू नको. हाड मोडल्यासारखं लोंबत असंल, नाहीतर एक पाय पुढं एक मागं पडून ती उठतच नसंल तर डॉक्टरच बघतील, मरेक्स नावाच्या रोगात पाय असे पुढं-मागं पडतात, त्यावर औषध नाही. १९६२ वर फोन लाव, तो पशुवैद्यकीय सेवेचा नंबर हाय. अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथंच विचार. आणि बसायची काठी फूटभरावर आण, उंचावरून उड्या मारूनही कोंबड्या लंगडतात बघ.