सबटायटल आहेत, मग साइन कशाला?

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मधुमेहावरच्या तुमच्या मराठी व्हिडिओंना सबटायटल आहेतच, तर कर्णबधिरांसाठी कोपऱ्यात ‘मराठी सांकेतिक भाषेचा’ दुभाषी बसवायचा खर्च करावा का? माझं उत्तर: खर्च जरूर करा, पण कोपऱ्यावर नको.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मराठीची वेगळी अशी सांकेतिक भाषा नाही. मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत चालते ती भारतीय सांकेतिक भाषा. शहरागणिक काही खुणा बदलतात, व्याकरण बहुतेक तेच, आणि ते मराठीचं नाही. ‘कुठे’, ‘कोण’ अशी खूण वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी. हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानावर मराठी कधी पडलेलीच नसते. त्यात बऱ्याच शाळांनी वर्षानुवर्षं सगळा भर उच्चारावर आणि ओठ वाचण्यावर दिला. त्यामुळे चांगला शिकलेला, नोकरी करणारा माणूसही लांबलचक मराठी वाक्यात अडखळतो. हुशारीशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्याकडे हमखास येणारं वाक्य घ्या: ‘जेवल्याशिवाय ही गोळी घेऊ नका.’ एका वाक्यात दोन नकार. सबटायटल दोन सेकंदांत सरकून जातं आणि ‘जेवण, गोळी, नको’ एवढंच हाती लागलं, तर अर्थ उलटाच झाला. साइन करणारा गोष्टी घडतील त्या क्रमाने सांगतो: जेवण, संपलं, मग गोळी. उपाशीपोटी घेतली तर साखर उतरते, हे थरथरते हात आणि गळून गेलेला चेहरा यांतूनच दिसतं.

मी स्वतः दुभाषी आहे, तरी सांगते, या कामाला मला घेऊ नका. कर्णबधिर निवेदक घ्या. त्याची ती रोजची भाषा आहे, आणि बघणाऱ्याला ‘आपलाच माणूस सांगतोय’ हे पहिल्या खुणेत कळतं. स्क्रिप्ट समजावून द्यायला दुभाषी कॅमेऱ्यामागे हवा, तो वेगळा. दोघांनाही मानधन द्या. ‘समाजकार्य आहे’ म्हणून फुकट मागायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे.

निवेदकाला पूर्ण पडदा द्या, आवाज मागून तुमचा चालेल. टीव्हीवर कोपऱ्यातल्या चौकटीत खाली धावणाऱ्या पट्टीने हात कापले गेलेले तुम्ही पाहिलेच असतील. डोक्याच्या वरपासून कमरेपर्यंत आणि दोन्ही कोपरं पसरतील एवढी जागा फ्रेममध्ये हवी. कपडे साधे, एकरंगी, त्वचेच्या रंगाहून वेगळे. उजेड समोरून आणि भरपूर; कमी उजेडात मोबाइलच्या कॅमेऱ्यात हलणारी बोटं पुसट होतात आणि खूण वाचता येत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती प्रात्यक्षिकात. ऐकणारा माणूस इन्सुलिन पेनकडे बघत तुमचं बोलणं ऐकू शकतो. कर्णबधिर माणसाला डोळ्यांनीच दोन्ही करायचंय. म्हणून आधी सांगा, थांबा, मग पेन दाखवा, मग पुढची पायरी. व्हिडिओ लांबेल, लांबू द्या.

सबटायटल काढू मात्र नका. उतारवयात ऐकू येईनासं झालेल्यांना साइन येत नाही, त्यांचा आधार तेच. फक्त आपोआप तयार होणारी मराठी सबटायटल तशीच सोडू नका, औषधांच्या नावांची ती पार वाट लावतात. आणि खेड्यात शाळेचं तोंडही न पाहिलेले, घरातल्या खाणाखुणांवर जगणारे लोक आहेत. त्यांना दोन्ही भाषा नाहीत. त्यांच्यासाठी खरी गोळी, खरं ताट पडद्यावर दिसायला हवं.

खुणा शोधायला दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे. 2021 च्या आवृत्तीत 10,000 शब्द आहेत. शालेय अभ्यासासाठी डिसेंबर 2024 पासून पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक उपक्रमाचं सांकेतिक भाषेतलं 31 क्रमांकाचं टीव्ही चॅनलही सुरू झालंय. शब्दकोश बघून स्वतःच साइन करायला मात्र जाऊ नका. कोश पाठ करून कुणी भाषा बोलत नाही.

व्हिडिओ तयार झाला की टाकण्यापूर्वी दोन-तीन कर्णबधिरांना दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे मान डोलावतात. ‘गोळी कधी घ्यायची ते मला सांगा’ असं विचारा. मग व्हॉट्सअॅपवर उभा, छोटा तुकडा करून सोडा. मुंबईत लोकलच्या दिव्यांग डब्यात रोज भेटणारे कर्णबधिर दोस्त आहेत; एकाला आवडला तर पुढच्या स्टेशनपर्यंत तो चौघांच्या मोबाइलवर असतो.