लेक टँपात, वादळाची धास्ती

प्रश्न : लेक-जावई नुकतेच फ्लोरिडात टँपाला राहायला गेलेत. हरिकेनचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो म्हणे. माझा जीव टांगणीला लागलाय. त्यांना काय तयारी सांगू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी घर स्थलांतराच्या कोणत्या झोनमध्ये येतं ते विचारा. 'ए' झोन, म्हणजे पाण्याचा सगळ्यात जास्त धोका असलेला भाग असेल आणि प्रशासन निघा म्हणालं, तर निघायचंच. वाऱ्यापेक्षा पाणी जास्त जीव घेतं.

आमचं घर उंचावर, म्हणून ९ ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन हरिकेन आलं तेव्हा आम्ही थांबलो. पेट्रोल आधीच भरलेलं. कुंड्या, खुर्च्या, तुळससुद्धा आत घेतली. फ्लशसाठी बाथटब काठोकाठ भरला. तिखटमिठाच्या पुऱ्या तळून ठेवल्या, त्या दोन दिवस छान टिकतात. आणि फ्रीझरमध्ये कपभर पाण्याचा बर्फ करून वर एक नाणं ठेवलं. परत वीज आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून गेलं होतं असं समजायचं आणि आतलं अन्न टाकून द्यायचं.

खरी परीक्षा वाट बघण्याची. दुपारभर नुसता पाऊस. रात्री साडेआठच्या सुमारास वादळ दक्षिणेला 'सिएस्टा की' बेटाजवळ किनाऱ्याला लागलं. आम्ही बिनखिडकीच्या खोलीत गाद्या टाकून, मुलीला मधे घेऊन बसलो होतो. वीज गेली तेव्हा तिने माझा हात धरला, तो पहाटेपर्यंत सोडला नाही.

तुम्ही त्या रात्री सारखे फोन करू नका, ताई. त्यांची बॅटरी वाचू द्या. "ठीक आहोत" एवढा मेसेज सकाळी टाकायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा.