दोन्ही नेते नकोत, मग १ कुणापुढे?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नुकतंच ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळालंय, लेबरचे पंतप्रधान अल्बानीज आणि विरोधातले लिबरल दोघांचाही वीट आलाय, मतदान इथे सक्तीचं, आणि ३४ टक्के मतांवर ९४ जागा मिळत असतील तर पुढच्या वेळी कोरी मतपत्रिका टाकून २० डॉलरचा दंड तेवढा वाचवायचा. वीट येण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. कोरी मतपत्रिका मात्र टाकू नका.

आधी ते आकडे. मे २०२५ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची साडेचौतीस टक्के मतं पडली, लिबरल-नॅशनल आघाडीला बत्तीसच्या आत. म्हणजे दर तिघांतल्या एकाने या दोघांपैकी कुणापुढेही १ लिहिला नाही. १९८०च्या दशकात हेच दोघे मिळून नव्वद टक्क्यांच्या वर जायचे. तेव्हा वैतागलेले तुम्ही एकटे नाही. पण '३४ टक्क्यांत ९४ जागा' हे अर्धंच चित्र झालं. पसंतीक्रम शेवटपर्यंत मोजले तेव्हा देशभरात लेबर ५५, आघाडी ४५ असा हिशेब निघाला. आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी आठवा. कुणी कोटा गाठला नाही की तळाचा उमेदवार बाद होतो, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटली जाते, आणि मोजणी रात्रभर चालते. इथे प्रतिनिधीगृहाच्या दीडशेही जागांना साधारण तोच प्रकार. फरक एवढाच की पदवीधरला नुसता १ लिहिला तरी मत वैध असतं, इथे सगळ्या चौकटींत क्रमांक हवेत. सिडनीकरांनी जास्त सांभाळावं, कारण न्यू साउथ वेल्सच्या राज्य निवडणुकीत नुसता १ चालतो आणि ती सवय केंद्राच्या मतपत्रिकेवर नडते.

आता राग कशाचा आहे? चेहऱ्यांचा कमी, असं माझं मत. मुख्य दुखणं घराचं. २०१९ मध्ये लेबरचे तेव्हाचे नेते बिल शॉर्टन यांनी निगेटिव्ह गिअरिंगवर (भाड्याच्या घरातला तोटा उत्पन्नातून वजा करून कर वाचवण्याची सोय) मर्यादा आणायचं आणि भांडवली नफ्यावरची सवलत कमी करायचं उघडपणे जाहीर केलं. सगळे म्हणत होते जिंकणार, आणि हरले. त्यावरून दोन्ही पक्षांनी धडा घेतला की घरमालकाला दुखवायचं नाही. २०२५ च्या प्रचारात मग काय आलं? लेबरचं, पहिलं घर घेणाऱ्या प्रत्येकाला पाच टक्के डिपॉझिटवर कर्ज. लिबरलचं, नव्या घराच्या कर्जावरच्या व्याजाला पाच वर्षं करसवलत. दोन्हींमुळे खरेदीदाराची बोली वाढते, म्हणजे शेवटी किंमतच वाढते. दोन पक्षांत निवड करायला सांगतात आणि दोघांचं औषध एकच, याला मतदार कंटाळला नाही तर नवल.

त्यात हप्ते. मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात इथल्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर ०.१० वरून ४.३५ वर नेला, तेरा वेळा वाढवून. ज्यांचं दोन टक्क्यांच्या आसपासचं फिक्स्ड कर्ज संपलं त्यांना हप्ता बघून घाम फुटला. व्याजदर सरकार ठरवत नाही हे खरं, पण हप्ता भरणारा तेवढा फरक कशाला करेल? शिवाय विजेचं बिल २०२५ पर्यंत २७५ डॉलरने कमी होईल हे लेबरचं वचन होतं. बिल कमी झालं नाही, वरून सरकारी सूट द्यावी लागली. आधीच्या लिबरल सरकारने मंजूर केलेला करकपातीचा तिसरा टप्पा आहे तसाच ठेवू असं सांगून जानेवारी २०२४ मध्ये तो बदलला. तो बदल मला स्वतःला पटला, बहुतेक नोकरदारांना त्यातून जास्त मिळालं. पण दिलेला शब्द मोडला हे लोकांच्या लक्षात राहिलंच.

अशा सरकारपुढे लिबरलचे तेव्हाचे नेते डटन यांना सोपं जायला हवं होतं. त्यांनी काय केलं? सात ठिकाणी अणुवीज प्रकल्प, ज्यांची वीज दहा वर्षं तरी येणार नव्हती. ४१ हजार सरकारी नोकऱ्या कमी करायची भाषा. कॅनबेऱ्यातल्या कर्मचाऱ्यांचं घरून काम बंद करायची घोषणा, आणि ऐन प्रचारात ती मागे. लेबरच्या छोट्याशा करकपातीला विरोध करून ती रद्द करू म्हणाले, म्हणजे लिबरल पक्ष कर वाढवणारा ठरला! शेवटी २००१ पासूनची स्वतःची डिक्सनची जागाही गेली. लोक अल्बानीज यांच्यावर खूश होते म्हणून ९४ जागा आल्या असं समजू नका. निवडणुकीआधी कित्येक महिने दोघांच्याही कामावर नाराज लोक समाधानी लोकांपेक्षा जास्त होते.

पक्ष आपलेच नेते पाडतात हाही इथला जुना रोग. रड २०१०, गिलार्ड २०१३, अ‍ॅबट २०१५, टर्नबुल २०१८: चार पंतप्रधान मतदारांनी नव्हे, स्वतःच्या खासदारांनी घालवले. आता दोन्ही पक्षांनी नियम कडक केलेत, पण विश्वास उडाला तो उडालाच.

आणि हो, सप्टेंबर २०२५ मध्ये लिबरल सिनेटर जसिंटा प्राइस यांनी लेबर मतांसाठी भारतीयांना आणतंय असं सुचवलं, त्यावरून आपल्या ग्रुपांवर जो धुरळा उडाला तो तुम्ही पाहिला असेलच. प्राइस यांनी माफी मागितली नाही, पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या सुसन ली यांच्यावर विश्वास असल्याचंही सांगितलं नाही, तेव्हा त्यांना पक्षाच्या पहिल्या फळीतून काढलं. भारतीय समाजाची माफी ली यांना मागावी लागली. राग रास्त आहे. पण म्हणून 'आपण सगळ्यांनी अमक्यालाच' हे फॉरवर्ड मला आवडत नाहीत. आपली गठ्ठा मतं आहेत असं एकदा पक्षांना वाटलं की आपल्याला कुणी विचारणार नाही.

फाउलरचं उदाहरण बघा. पश्चिम सिडनीतली ही जागा, स्थलांतरितांची वस्ती, १९८४ पासून कायम लेबरची. २०२२ मध्ये पक्षाने तिथे क्रिस्टिना केनिअली यांना बाहेरून आणून उभं केलं. लोकांनी अपक्ष डाइ ली यांना निवडलं. पहिल्या पसंतीत डाइ ली मागे होत्या, इतरांच्या पसंतीक्रमांवर त्या पुढे गेल्या. २०२५ मध्ये पुन्हा जिंकल्या. मेलबर्नमध्ये उलटं झालं: ग्रीन्स पक्षाचे नेते अ‍ॅडम बँट पहिल्या पसंतीत पुढे होते, बाकीच्यांच्या पसंतीक्रमांनी लेबर जिंकलं. आणि सिडनीतल्या ब्रॅडफील्डमध्ये फेरमोजणीनंतर अपक्ष निकोलेट बोल फक्त २६ मतांनी निवडून आल्या. कोरी मतपत्रिका यापैकी कुठेच मोजली गेली नाही. ती चुकून बाद झालेल्या मतांच्याच गठ्ठ्यात जाते. आपल्याकडच्या नोटासारखा वेगळा आकडा इथे निकालात जाहीर होत नाही.

मग करायचं काय? १ खऱ्या आवडीच्या उमेदवाराला द्या, तो पडणार असला तरी. मत वाया जात नाही, आणि त्याला चार टक्के मतं मिळाली तर तुमच्या त्या १ मागे त्याला निवडणूक खर्चासाठी सरकारी पैसे मिळतात. माझ्या मते नाराजी दाखवायची ही सगळ्यात ठोस जागा. मग तळापासून उलटं या: जो अजिबात नको तो शेवटी. बहुतेक ठिकाणी तुमचं मत शेवटी दोन मोठ्यांपैकी वर लिहिलेल्याकडे जाणार, तेव्हा त्या दोघांतला कमी वाईट कोण एवढं मात्र ठरवावंच लागेल. मतदान केंद्राबाहेर हातात ठेवतात ते 'हाऊ टू व्होट' कार्ड म्हणजे पक्षाची विनंती, नियम नव्हे. क्रम तुमचा.

मी मतमोजणीला काम केलं आहे. मतपत्रिकेवर लोक काय काय लिहितात, चित्रंही काढतात! आकडे स्पष्ट असतील आणि मतदाराची ओळख पटत नसेल तर ते मत धरतात. त्यामुळे दोन शिव्या हासडायच्या असतील तर जरूर हासडा, पण चौकटी भरून.

सिनेटला, म्हणजे केंद्राच्या वरच्या सभागृहाला, मतपत्रिकेवरच्या रेषेच्या वर किमान सहा पक्षांना क्रमांक द्या, किंवा खाली किमान बारा उमेदवारांना. तुम्ही मेलबर्नचे, म्हणून एक सांगून ठेवतो. तुमची पहिली निवडणूक बहुधा नोव्हेंबर २०२६ ची व्हिक्टोरियाची असेल. २०२२ मध्ये तिथल्या वरच्या सभागृहासाठी रेषेच्या वर १ लिहिला की पुढचा सगळा क्रम तो पक्ष परस्पर ठरवत होता. रेषेच्या खाली किमान पाच आकडे लिहिले तरच क्रम तुमच्या हातात राहत होता. मत द्यायला जाण्याआधी तेव्हाचा नियम एकदा बघून घ्या.