चार दिवसांचं दूध

प्रश्न : लेक बाळंतपणाला आली आहे. डॉक्टर म्हणतात, बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नातू मात्र सांगतो, सीलचं पिल्लू चारच दिवस दूध पितं. मग ते जगतं कसं? – एक आजी, पंचवटी, नाशिक

उत्तर : आजी, नातू बरोबर आहे. ते हूडेड सील, उत्तर अटलांटिकच्या बर्फावरचं. जन्मतः साधारण २२ किलोचं पिल्लू चार दिवसांत दुप्पट होतं. लहानपणी मी वडिलांबरोबर निफाडच्या डेअरीत दूध घालायला जायचे. म्हशीच्या दुधाला सात फॅट लागली की वडील खूश! या सीलच्या दुधात ती साठच्या आसपास असते. बर्फ कधी फुटेल याचा नेम नाही, म्हणून ही घाई.

मला खरी माया वाटते ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हत्ती सीलची. आई चार आठवडे पाजते, स्वतः घासही खात नाही आणि एक दिवस समुद्रात निघून जाते. तोवर चाळीसेक किलोचं पिल्लू सव्वाशेच्या पुढे गेलेलं असतं. पुढचे आठ-दहा आठवडे त्याला कडकडीत उपास. ते बहुतेक वेळ झोपून काढतं, झोपेत बराच वेळ श्वासही रोखून धरतं. ऊर्जा जवळजवळ सगळी चरबीतून येते, स्नायू जपले जातात. चरबी जळताना पाणी तयार होतं, त्यावर तहानही भागते. अधूनमधून उथळ पाण्यात पोहणं शिकतं. सुमारे तिसरा हिस्सा वजन उतरल्यावर पहिल्या शिकारीला निघतं, एकटंच.

लेकीला सांगा, आपल्या दुधात चारेक टक्केच फॅट असते. बाळ सावकाश वाढतं, तेच बरोबर आहे.