इंग्रजीतल्या 'रन'ला इतके अर्थ का, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की शाळेत 'रन' म्हणजे पळणे एवढंच शिकलात, पण वाचायला घेतलं की हा शब्द दर पानावर नव्या अर्थाने समोर येतो, तर हे सगळं लक्षात ठेवायचं कसं. सरळ सांगतो, ठेवायचं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर या एका शब्दावर ९ महिने बसले होते. २०११ मध्ये त्यांच्या कामाचा आकडा बाहेर आला तो ६४५ अर्थांचा, आणि तोही फक्त क्रियापदाचा. त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ सांगायला सुमारे ६०,००० शब्द लागले होते. एवढं पाठ करायला कुणाला वेळ आहे?

मी भाषांतरं करतो, त्यामुळे 'रन'शी रोजचीच गाठ. आपला घोळ होतो तो 'पळणे' हाच अस्सल अर्थ धरून बाकीचे ओढूनताणून आणलेले मानल्यामुळे. शब्दाचा इतिहास वेगळं सांगतो. जुन्या इंग्रजीतला त्याचा पूर्वज 'रिन्नन' पळण्यासाठीही वापरायचे आणि वाहण्यासाठीही. जर्मनमधलं त्याचं भावंड 'रिनेन' आजही वाहणे, पाझरणे याच अर्थाचं आहे. म्हणजे नदी 'रन' होते, नाक 'रन' होतं, धुताना कपड्याचा रंग सुटला की 'द कलर रॅन' म्हणतात, यात अलंकार वगैरे काही नाही. वाहणे हा या शब्दाचा घरचाच अर्थ.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. जुन्या इंग्रजीत याच कुळातलं आणखी एक क्रियापद होतं, प्रयोजक घडणीचं, घोडा दौडवत नेण्यासाठी वापरलं जाणारं. पुढे दोन्ही एकाच रूपात मिसळून गेली. मराठीत आपण पळणे-पळवणे, चालणे-चालवणे अशी जोडी नीट वेगळी ठेवलीय. इंग्रजीत एकाच 'रन'ला दोन्ही कामं करावी लागतात. म्हणून वाक्यात आधी कर्म शोधा. 'शी रन्स' म्हणजे ती पळते. 'शी रन्स अ स्कूल' म्हणजे ती शाळा चालवते. कर्म दिसलं की बहुतेक वेळा मराठीतला 'व' आत घालायचा.

आणि हो, अर्थ लावताना 'पळणे' सगळ्यात शेवटी वापरून बघा. आधी 'चालणे', मग 'वाहणे', आणि दोन्ही बसलं नाही तरच 'पळणे'. इंजिन डिझेलवर चालतं, नाटक सहा महिने चालतं, गाड्या रात्रभर चालू असतात, संगणकावर प्रोग्राम चालतो: इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी 'रन'. यंत्रं आली तसा हा भाग फुगत गेला, कारण प्रत्येक नव्या यंत्राला चालण्यासाठी एक क्रियापद हवं होतं आणि 'रन' तयारच होता. मात्र 'दुकान चालतं' म्हटल्यावर आपल्याला धंदा बरा आहे असं ऐकू येतं, तो भाव इंग्रजीत 'रन'मध्ये आपोआप येत नाही.

काही वाक्यांत तर काहीच हलत नसतं. 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर.' रस्ता जागच्या जागी, फिरते ती बघणाऱ्याची नजर. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने या प्रकाराला 'फिक्टिव्ह मोशन' म्हटलंय. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपलाही रस्ता नदीकाठाने जातो, पायवाट डोंगर चढते आणि भिंतीला तडा जातो.

खरी परीक्षा मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांची. 'रन आउट'च घ्या. 'ही रॅन आउट' म्हणजे तो पळत बाहेर गेला. 'ही वॉज रन आउट' म्हणजे तो धावबाद झाला. 'ही रॅन आउट ऑफ मनी' म्हणजे त्याचे पैसे संपले. 'द लीज रॅन आउट' म्हणजे भाडेकराराची मुदत संपली. एक 'वॉज' किंवा एक 'ऑफ' इकडचा तिकडे झाला की माणूस मैदानातून थेट कफल्लक. 'रन ओव्हर'ही तसंच: माणूस 'रन ओव्हर' झाला तर तो गाडीखाली आला, बैठक 'रन ओव्हर' झाली तर ती लांबली. अशा जोड्या मी वेगळे शब्द म्हणूनच धरतो. 'रन इंटू', 'रन डाउन', 'रन अप' यांत 'रन'चा अर्थ शोधत बसण्यात काही हशील नाही.

'विहीर रॅन ड्राय', 'वेळ रनिंग शॉर्ट' यांत पुढे विशेषण आलंय, तिथे 'रन' म्हणजे नुसतं 'होणे'. 'रन अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप असणे आणि 'रन अ बाथ' म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडणे. हे आख्खंच लक्षात ठेवावं लागतं, कुठला नियम लावायला जाऊ नका.

नामांबद्दल थोडक्यात. बँकेवर 'रन' आला म्हणजे ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडाली. 'ड्राय रन' म्हणजे रंगीत तालीम. अमेरिकेत पायमोज्याचा धागा सुटून पट्टा उसवला तर तो 'रन', ब्रिटनमध्ये 'लॅडर'. या दोन देशांत क्रियापदाचंही असंच: अमेरिकन माणूस निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो. आपणही निवडणुकीला उभे राहतो, त्यामुळे अमेरिकन बातम्या वाचताना इथे ठेच लागते.

कोशच बघायचा तर शिकणाऱ्यांसाठी काढलेला बघा, आणि अर्थाचे क्रमांक सोडून थेट उदाहरणं वाचा. कोण 'रन' होतंय आणि पुढे काय आलंय, एवढं बघितलं तरी पुष्कळ. एका जागी मात्र हेही चालत नाही, कारण तिथे 'रनिंग' क्रियापदच नसतं. 'ही वन थ्री इयर्स रनिंग' याचा अर्थ तो सलग तीन वर्षं जिंकला. हे वाक्य बुद्धिबळपटूबद्दलही लिहितात.